मनातली कच्ची वही

प्रश्न : मी सध्या बायबलच्या नव्या करारातलं लूकचं शुभवर्तमान दोन मराठी भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून वाचते आहे. दुसऱ्या अध्यायात वृद्ध शिमोन येशूच्या आईला, मरीयेला, सांगतो की पुष्कळांच्या अंतःकरणातले विचार उघड होतील. नवव्या अध्यायात शिष्यांमध्ये वाद होतो. शेवटच्या अध्यायात त्यांच्याच मनात शंका येतात. या तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द एकच आहे, ‘दिआलोगिस्मोस’, असं वाचनात आलं. विचार, वाद आणि शंका एकाच शब्दात कशा मावतात? आणि हा शब्द ‘डायलॉग’चाच भाऊ असेल, तर त्यात दोन माणसं हवीत ना?

उत्तर : ताई, तुम्ही जिथे अडलात तिथेच मी सहा वर्षांपूर्वी अडले होते. मी बत्तीस वर्षं हिशेबतपासणीचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर ग्रीक शिकायला घेतलं. नवा करार वाचताना वहीत प्रत्येक नव्या शब्दापुढे एकेक मराठी शब्द लिहायची सवय लावून घेतली होती. ‘दिआलोगिस्मोस’पुढे ‘विचार’ लिहिलं आणि पुढे गेले. नवव्या अध्यायात तो पुन्हा भेटला आणि तिथे ‘विचार’ काही केल्या बसेना. म्हणून मोठा कोश उघडला. नोंदीतला पहिलाच अर्थ होता : हिशेब जुळवणे, देण्याघेण्याचा ताळमेळ. आयुष्यभर जे काम केलं तेच या शब्दाच्या पोटात निघावं, याचा आनंद मला अजून आठवतो.

आधी ‘डायलॉग’बद्दलचं सांगते, कारण ही चूक फार पसरलेली आहे. ग्रीकमध्ये ‘दोन’साठीचं उपपद ‘दि’ आहे. या शब्दात आहे ते ‘दिआ’, आणि त्याचा अर्थ आरपार, मधून, अलग-अलग करत. म्हणजे दोनच माणसं हवीत अशी अट शब्दात कुठेही नाही. दहाजणांत बोलणं फिरलं तरी चालतं, आणि एकट्याच्या मनात फिरलं तरी चालतं. उरलेला भाग ‘लोगिस्मोस’, म्हणजे मोजदाद, आकडेमोड. त्याचं क्रियापद ‘लोगिझोमाइ’, मोजणे, आणि त्यावरून पुढे धरून चालणे, समजणे. आपण नाही का म्हणत, ‘तो मला जमेस धरत नाही’, किंवा ‘त्याला कोणी माणसात गणत नाही’? मोजणं आणि मानणं आपल्याकडेही असंच एकमेकांना लागून बसलेलं आहे.

हे मोजणं अगदी हातातलं होतं. इ.स.पूर्व पाचव्या शतकात हिरोडोटसने ग्रीक आणि इजिप्शियन लोकांच्या रीतींमधला फरक लिहून ठेवला. त्यात तो म्हणतो की खड्यांनी हिशेब करताना ग्रीक माणसाचा हात डावीकडून उजवीकडे जातो आणि इजिप्शियनाचा उजवीकडून डावीकडे. तिथे क्रियापद हेच आहे, ‘लोगिझोमाइ’. पाटीवर खडे सरकवायचे, या रकान्यातला खडा त्या रकान्यात न्यायचा. त्याला ‘दिआ’ जोडलं की चित्र पुरं होतं : खडे इकडून तिकडे, तिकडून इकडे, बेरीज जुळेपर्यंत.

अथेन्समध्ये हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘लोगिस्ताइ’ म्हणत. ते दहा असत, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, आणि पदावरून उतरणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला त्यांच्यापुढे आपला हिशेब ठेवावा लागे. इ.स.पूर्व चौथ्या शतकात डेमॉस्थेनिसने फॉर्मिओ नावाच्या पेढीवाल्याची बाजू मांडणारं भाषण लिहून दिलं. फॉर्मिओ आधी पासिओन या सावकाराचा गुलाम होता, पुढे मुक्त झाला आणि त्याचीच पेढी चालवू लागला. पासिओनच्या मुलाने त्याच्यावर वीस टॅलंटचा, म्हणजे प्रचंड रकमेचा, दावा लावला. या खटल्याच्या भाषणात आपला शब्द येतो, तो हिशेब मिटवण्याच्या अर्थाने. तिथे अंतःकरण नाही की ध्यान नाही. पेढीवरचा व्यवहार आहे.

रोमन काळातल्या इजिप्तच्या पपायरसांवर तर तो सरकारी शब्द होऊन बसला आहे. रोमन सुभेदार दरवर्षी पेलुसियम, मेम्फिस, अलेक्झांड्रिया अशा ठिकाणी मुक्काम करून खटले ऐके आणि खालच्या अधिकाऱ्यांचे दप्तर तपासे. त्या फेरीला ‘दिआलोगिस्मोस’ म्हणत. आमच्या खात्यात वार्षिक तपासणीचं पथक येणार असं कळलं की जी धावपळ व्हायची, तिचं मूळ नाव मला दोन हजार वर्षं जुन्या कागदांवर सापडलं.

मग हा पेढीवरचा शब्द मनात कधी शिरला? माझ्या समजुतीप्रमाणे वाट आधीपासून तयार होती. होमरच्या ‘इलियड’मध्ये एक ओळ पाच वेळा येते. रणांगणावर योद्धा एकटा पडतो, पळावं की उभं राहावं हे त्याला कळत नाही, आणि तो आपल्या ‘थ्युमोस’शी, छातीतल्या त्या उसळत्या मनाशी बोलू लागतो. थोडं बोलून झाल्यावर स्वतःलाच थांबवतो : माझं मन माझ्याशी हे असलं काय बोलत बसलं आहे? अकराव्या सर्गात ओडिसियस असं म्हणतो, बाविसाव्यात अकिलीजची वाट पाहत नगराच्या दाराबाहेर उभा असलेला हेक्टर म्हणतो. ‘बोलत बसलं’साठी तिथे जे क्रियापद आहे ते ‘दिआ’ आणि ‘लेगो’ यांचं. ‘लेगो’चा जुना अर्थ वेचणे, मोजणे, आणि मग सांगणे. ‘लोगोस’ त्याच्यातूनच आलं. म्हणजे ग्रीक साहित्याच्या अगदी पहिल्या पानांपासून मनातला विचार हा कुणीतरी कुणाशी तरी बोलल्यासारखा दिसतो, आणि त्या बोलण्यात मोजणं दडलेलं असतं.

प्लेटोने हेच पुढे सरळ व्याख्येत मांडलं. ‘थिएटेटस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की विचार करणं म्हणजे आत्म्याने स्वतःशी केलेलं बोलणं. आत्मा स्वतःला प्रश्न विचारतो, उत्तर देतो, हो म्हणतो, नाही म्हणतो. एका ठिकाणी येऊन थांबला आणि दुमत उरलं नाही, की ते त्याचं मत झालं. ‘सोफिस्ट’मध्ये तर विचार आणि भाषण एकच आहेत असं म्हटलं आहे, फरक इतकाच की विचार आवाजाशिवाय आत चालतो. आपल्याकडच्या वैखरी आणि मध्यमा या वाणींची इथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, पण ओठाबाहेर येण्याआधीचं बोलणं हेही बोलणंच, हे दोन्हीकडे मानलं गेलं.

लूकपर्यंत शब्द आला तो आणखी एका वाटेने. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्रग्रंथांचं ग्रीक भाषांतर अलेक्झांड्रियात होऊ लागलं. हिब्रूत ‘हाशव’ हे क्रियापद आहे, त्याचा अर्थ विचार करणे, योजना आखणे आणि हिशेबात धरणेही. त्यावरून झालेलं नाम ‘महशावा’, म्हणजे मनातला बेत. स्तोत्रसंहितेतल्या एका ओळीत माणसांचे ‘महशावोत’ पोकळ आहेत हे परमेश्वर जाणतो असं म्हटलं आहे. ग्रीक भाषांतरकाराने तिथे ‘दिआलोगिस्मोस’चं अनेकवचन ठेवलं. नव्या करारातल्या पत्रांचा लेखक पौल याने करिंथकरांना लिहिताना हीच ओळ उद्धृत केली. मोजण्याचा आणि मनातल्या बेताचा असा दुहेरी शब्द समोर असताना भाषांतरकाराला त्याच वळणाचा ग्रीक शब्द सापडला, हे मला फार समाधानाचं वाटतं.

आता तुमची तीन ठिकाणं. नवव्या अध्यायापासून सुरू करू, कारण किल्ली तिथे आहे. ४६व्या ओवीत शिष्यांमध्ये ‘दिआलोगिस्मोस’ उठतो : आपल्यात मोठा कोण? लगेच ४७व्या ओवीत येशू त्यांच्या अंतःकरणाचा ‘दिआलोगिस्मोस’ ओळखतो. दोन लागोपाठच्या ओव्या आणि तोच शब्द, एकदा तोंडावर, एकदा छातीत. मराठीत पहिल्या ठिकाणी ‘वाद’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘विचार’ लिहावं लागतं, आणि वाचकाला वाटतं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लूकला त्या निराळ्या वाटत नव्हत्या. कुणी किती केलं, कुणाच्या खात्यावर किती जमा, ही एकच आकडेमोड बाहेर आली की भांडण आणि आत राहिली की विचार. येशूने तिथे उत्तर म्हणून एक लहान मूल जवळ उभं केलं. ज्याच्या नावावर कुठल्याच वहीत काही जमा नसतं, असं मूल.

शंकेचं ठिकाण त्याहून सोपं आहे. चोविसाव्या अध्यायात मेलेला माणूस समोर येऊन उभा राहतो. शिष्य घाबरतात. तो विचारतो, तुमच्या अंतःकरणात ‘दिआलोगिस्मोस’ का उठतात? जमा आणि खर्च जुळत नसला की आम्ही तो फरक उचंत खात्यात टाकायचो. उलगडा होईपर्यंत तो तिथेच पडून राहायचा आणि रोज डोकं खायचा. शिष्यांच्या मनात त्या क्षणी असंच झालं आहे. तो मेला ही नोंद पक्की आहे, आणि समोर उभा आहे हीसुद्धा. पुढच्या ओव्यांत काय होतं ते पाहा. येशू हात-पाय दाखवतो, चाचपून पाहा म्हणतो, खायला मागतो, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. हिशेब जुळत नसलेल्यांना त्याने आधी पावत्या दाखवल्या, असं मी वाचते.

राहिला शिमोन. त्याचं वाक्य तिघांत सर्वांत अवघड आहे. बाळाला हातात घेऊन तो मरीयेला म्हणतो की याच्यामुळे इस्राएलात पुष्कळजण पडतील आणि उठतील, तुझ्याही जिवातून तलवार आरपार जाईल, आणि पुष्कळ अंतःकरणांतले ‘दिआलोगिस्मोस’ उघडे पडतील. हे कुठल्याही मनातले सहज तरंग नव्हेत. या मुलाबद्दल लोकांनी मनोमन काय ठरवलं, त्याला जमेस धरलं की वजा केलं, ती कच्ची वही उघडी पडणार आहे. इजिप्तमधली ती सुभेदाराची फेरी इथे मला हटकून आठवते, कारण तिथेही हेच व्हायचं : आत ठेवलेलं दप्तर बाहेर मांडलं जायचं.


प्रश्न : इब्री लोकांस पत्रातल्या चौथ्या अध्यायात देवाचं वचन अंतःकरणातले विचार आणि हेतू पारखतं असं आहे. तिथेही हाच शब्द आहे का?

उत्तर : नाही. १२व्या ओवीत दोन वेगळे शब्द जोडीने आले आहेत, ‘एन्थ्युमेसिस’ आणि ‘एन्नोइया’. पहिल्यात ‘थ्युमोस’ आहे, होमरच्या योद्ध्यांचं तेच उसळतं मन, म्हणून तो विचार तापलेला, इच्छेत भिजलेला. दुसऱ्यात ‘नूस’ आहे, बुद्धी, म्हणून तो कल्पना किंवा धारणा या बाजूला झुकतो. दोघांच्याही आधी ‘एन’ म्हणजे आत. हिशेबाचा या दोन्ही शब्दांशी संबंध नाही.


प्रश्न : तुम्ही सांगितलेला शब्द नव्या करारात नेहमी वाईट अर्थानेच येतो का? मनात विचार येणं हेच पाप, असं त्यातून निघतं का? मला मनात नको ते विचार येतात आणि त्याचं फार ओझं वाटतं.

उत्तर : तुमच्या पत्राला मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा फाडलं, कारण हा प्रश्न शब्दार्थापुरता नाही. पण मला जे येतं ते शब्दांचं काम, म्हणून तिथूनच येते.

नाम नव्या करारात १४ वेळा येतं. त्यातले ६ प्रयोग एकट्या लूकचे आहेत. हे चौदाही प्रयोग मी वहीत एका पानावर उतरवून ठेवले आहेत, आणि खरं सांगायचं तर पान उदास आहे. मार्क आणि मत्तय अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट गोष्टींची यादी याच शब्दाने सुरू करतात. याकोब पाहुण्यांचे कपडे पाहून जागा देणाऱ्यांना दुष्ट ‘दिआलोगिस्मोस’ असलेले न्यायाधीश म्हणतो. पौल फिलिप्पैकरांना सांगतो की सगळं कुरकुरीशिवाय आणि ‘दिआलोगिस्मोस’शिवाय करा.

मात्र क्रियापद पाहिलं की रंग बदलतो. ते १६ वेळा येतं, फक्त पहिल्या तीन शुभवर्तमानांत. त्यांपैकी एका ठिकाणी ते मरीयेचं आहे. देवदूत येऊन अभिवादन करतो, ती गोंधळते, आणि हे अभिवादन कसलं असावं याचा मनाशी ‘दिआलोगिझोमाइ’ करते. तिथे दोष तिळभर नाही. एका मुलीच्या आयुष्यात अचानक काहीतरी प्रचंड आलं आणि ती ते मनात तोलून पाहते आहे. त्याच लूकच्या बाराव्या अध्यायात पीक उदंड आलेला श्रीमंत माणूस हेच क्रियापद करतो : साठवायला जागा नाही, काय करू? कोठारं पाडतो, मोठी बांधतो. तो खरोखरच हिशेब करतो आहे, पोत्यांचा आणि वर्षांचा, आणि त्याच रात्री मरणार आहे. मरीया आणि हा माणूस यांच्या मनात चाललेल्या क्रियेचं नाव एकच. म्हणून त्या क्रियेला पाप म्हणता येत नाही. वहीत काय लिहिलं जातं त्यावर सगळं आहे.

तुमच्यासाठी आणखी एक माणूस सांगते. इवाग्रिउस हा चौथ्या शतकातला. कॉन्स्टॅन्टिनोपलसारखं मोठं शहर सोडून तो इजिप्तच्या वाळवंटात संन्यस्त झाला आणि ३९९ साली तिथेच वारला. मनाला छळणाऱ्या विचारांची त्याने आठ नावं दिली : खादाडपणा, व्यभिचार, धनलोभ, खिन्नता, राग, भर दुपारी साधकाला कोठडीतून उठून जावंसं वाटायला लावणारा कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे पश्चिमेत याच यादीतून सात महापापांची यादी तयार झाली. पण इवाग्रिउसचा शब्द ‘पाप’ नव्हता. त्याने त्यांना ‘लोगिस्मोइ’ म्हटलं, आपल्याच शब्दाचा मागचा अर्धा भाग, विचार. आणि त्याने स्पष्ट लिहिलं की हे आठ विचार आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हातात नाही. ते आत रेंगाळतील की नाही, वासना चाळवतील की नाही, तेवढं आपल्या हातात आहे.

वर्षानुवर्षं एकांतात मनाशी झुंजलेल्या माणसाने हे लिहिलं आहे. विचार दारात येणं त्याने साधकाच्या नावे टाकलं नाही. तुम्हीही ते स्वतःच्या नावे टाकू नका. ओझं रोजच्या कामाला किंवा झोपेला आड येत असेल, तर ते एकटीने वाहू नका. मनाच्या डॉक्टरांशी बोला. शरीराचं दुखणं आपण दाखवतोच ना?


प्रश्न : आम्ही काही मित्र मिळून वाचनासाठी लूकच्या निवडक भागांचं मराठी करतो आहोत. ‘दिआलोगिस्मोस’साठी सगळीकडे चालेल असा एकच मराठी शब्द सुचवाल का?

उत्तर : एकच शब्द सुचवणार नाही, आणि तुम्हीही शोधू नका अशी विनंती आहे. मी दोन वर्षं शोधला. ‘हिशेब’ घेतला तर मूळ अर्थ येतो, पण अंतःकरणाशेजारी तो कोरडा आणि व्यापारी वाटतो, आणि ‘अंतःकरणाचे हिशेब’ म्हटलं की वाचकाला कट शिजतो आहे असं वाटतं. ‘खलबत’ शिष्यांच्या वादाला जवळ जातं, पण त्यात गुप्तपणा आहे, आणि शिष्य रस्त्यात उघड वाद घालत होते. ‘तर्कवितर्क’ मला बराच आवडतो, कारण त्यात मागे-पुढे होणं आहे. पण भांडणाला तो चालत नाही.

‘विचार’ या शब्दावर मी उगाच रुसले होते, हे इथे कबूल करायला हवं. संस्कृतात तो ‘वि’ आणि ‘चर्’ यांचा आहे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी फिरणं. ‘दिआ’ जे करतं ते इथे ‘वि’ करतो. आणि ‘विचारणे’ म्हणजे प्रश्न करणेही. प्लेटोचा आत्मा स्वतःला विचारतो आणि विचार करतो, हे वाक्य मराठीत जितकं सहज बसतं तितकं मी वाचलेल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत बसलेलं पाहिलं नाही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर हे काम चाललं होतं. संस्कृतात मुरलेल्या त्या बाईंना अशा किती शब्दांपाशी थांबावं लागलं असेल, हे माझ्या वहीतल्या खाडाखोडीकडे पाहताना मनात येतं. तेव्हा थांबायला लागलं तर घाई करू नका.

माझ्या वहीत सध्या असं आहे. नवव्या अध्यायात ४६ला ‘वाद’, ४७ला ‘मनात चाललेला तोच वाद’, म्हणजे ‘तोच’ या एका शब्दाने दोन ओव्या बांधल्या जातात. चोविसाव्यात ‘विकल्प’. मनात विकल्प येणं म्हणजे एका गोष्टीवर मन न ठरणं, आणि शिष्यांचं तेच झालं होतं. पाचव्या अध्यायात छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाजवळ बसून शास्त्री जे करतात त्याला ‘मनात तोलणं’. त्यांनी येशूचे क्षमेचे शब्द ऐकले आणि बोलणाऱ्याला तराजूत टाकलं.

शिमोनच्या वाक्यासाठी आधी ‘विचार’ होतं, ते खोडून ‘मनीचे हिशेब’ लिहिलं, मग तेही खोडलं. आत्ता तिथे पेन्सिलीने ‘मनोमन ठरवलेलं’ आहे. तुमच्या वाचनात हे मोठ्याने म्हणून पाहा आणि कानाला कसं लागतं ते मला कळवा.